जाणते हात

'मालिश' हा शब्द आपल्याकडे काहीसा हलका मानला जातो. तो उच्चारला की तेलाच्या बाटल्या वाजवीत चौपाटीवर हिंडणारा मालिशवाला डोळ्यांपुढे येतो, तालमीत वस्तादाचे अंग रगडणारा पोरगा येतो, नाहीतर अलीकडे शहराशहरांतून काळ्या काचांआड थाटलेली आणि पोलिसांच्या छाप्यांमुळे वर्तमानपत्रांत गाजणारी 'थाई स्पा' नावाची दुकाने येतात. ज्या देशाच्या नावावर हा व्यापार चालतो, त्या देशात अंग रगडणाऱ्याला 'मो नुअत' म्हणतात. 'मो' म्हणजे वैद्य. हे वाचले तेव्हा आम्हांला आमच्या आजीची आठवण झाली. तिला गावाने कधी वैद्य म्हटले नाही.

आजी प्रवरेच्या काठी असलेल्या आमच्या गावात सुईणपण करीत असे. अहमदनगर जिल्ह्यातील (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) जी कुटुंबे ख्रिस्तसभेत आली, त्यांतील कित्येकांच्या घरी हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आले होते. गावगाड्याने ते आमच्या बायकांच्या वाट्याला टाकले होते. बाळंतिणीला सव्वा महिना तेल लावायचे, बाळाला न्हाऊ घालायचे, बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची. पाय लांब पसरून, त्यांवर बाळाला पालथे घेऊन आजी पिठाच्या गोळीने त्याच्या अंगावरची लव काढी, तेव्हा रडणारे मूलसुद्धा हळूहळू गप्प होई. बाळंतिणीच्या कमरेला मात्र ती एकदम हात घालीत नसे. आधी नुसता तळवा टेकवून ठेवी. "अगोदर अंगाला विचारावं लागतं," असे ती म्हणे. तिच्या साऱ्याच गोष्टी काही बरोबर नव्हत्या. बाळाच्या कानानाकांत ती तेल सोडी. आजचे डॉक्टर ते करू नका म्हणून बजावतात आणि ते योग्यच आहे.

पुरुषांची कामेही तिच्याकडे येत. उसाची मोळी उचलताना कोणाला उसण भरे, कोणाची शीर चढे, कोणाची बेंबी सरके. आमचा धाकटा चुलता पायाळू होता. उसण भरलेली माणसे त्याच्या लाथेसाठी भल्या पहाटे दाराशी येऊन बसत. आजी हसून म्हणे, "त्याच्या लाथेत काय हाय? पाय कुठं टेकवायचा ते म्या दाखवलंय त्याला." संध्याकाळी वडील ओसरीवर पालथे पडत आणि आम्ही भावंडे भिंतीला धरून त्यांच्या पाठीवर पाय देत असू. कण्यावर उभे राहायचे नाही, कण्याच्या दोन्ही अंगांनी चालायचे, हा आजीचा नियम होता.

पण ज्या हातांनी घरच्या बाळाला सर्वांआधी उचलले, त्या हातांना बारशानंतर त्याच घराचा उंबरा बंद होई. घर सारवले जाई आणि आजी पुन्हा अंगणातली होई. तिची कपबशी बाहेरच्या कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. मोबदला म्हणून पायलीभर बाजरी आणि खण-नारळ मिळे. मुलगा झाला तर लुगडे. बाप्तिस्म्याने आमची नावे बदलली, तो उंबरा बदलला नाही.

आमची एक पुतणी परिचारिका आहे. काही वर्षांपूर्वी ती बँकॉकला जाऊन आली, तेव्हा तेथील वाट फो या मंदिरातील छायाचित्रे तिने आम्हांला दाखविली. भिंतींत बसविलेल्या दगडी पाट्यांवर मनुष्यदेहाच्या पाठमोऱ्या व समोरून काढलेल्या आकृती आहेत. देहावर रेषा ओढून दाबायच्या जागा दाखविल्या आहेत आणि भोवती कोणत्या व्यथेला कोणती जागा हे लिहिले आहे. अशा साठ आकृती तेथे आहेत. १७६७ साली ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही सयामची राजधानी उद्ध्वस्त केली, तेव्हा वैद्यकाच्या असंख्य पोथ्या नष्ट झाल्या. उरलेसुरले ज्ञान पुन्हा हरवू नये आणि ते सामान्य माणसालाही वाचता यावे, म्हणून तिसऱ्या राम राजाने १८३० नंतरच्या दशकात मंदिराचा जीर्णोद्धार करताना ते दगडावर कोरवून घेतले. अंग वळविणाऱ्या ऋषींच्या मूर्तीही त्याने ओतवून घेतल्या. त्यांपैकी थोड्याच आज उरल्या आहेत. या मंदिरातील १४०० हून अधिक शिलालेखांना युनेस्कोने २०११ साली जागतिक स्मृतिठेव्यात स्थान दिले.

त्या रेषांना 'सेन' म्हणतात. मुख्य रेषा दहा. त्या बेंबीच्या आसपास उगम पावतात आणि त्यांतून वारा वाहतो अशी समजूत आहे. वारा अडला की दुखणे उद्भवते. पहिल्या तिघींची नावे ऐकून आम्ही चकित झालो : इत्था, पिंगखला, सुमना. म्हणजे आपल्या इडा, पिंगला, सुषुम्ना! ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, ते नेवासे आमच्याच प्रवरेच्या काठी आहे आणि तिच्या सहाव्या अध्यायात याच नाड्यांचे वर्णन येते. बौद्ध भिक्षू व व्यापारी यांच्याबरोबर ही नावे समुद्रापलीकडे गेली असावीत. देह उघडून पाहिला तर अशा रेषा सापडत नाहीत, हे खरे. पण बेंबी सरकली म्हणणाऱ्या आजीला ती दगडी पाटी दाखविली असती, तर तिने मान डोलावली असती एवढे निश्चित.

थाई लोक या विद्येचे जनकत्व जीवकाकडे देतात. मगधाच्या बिंबिसार राजाचा हा वैद्य. उकिरड्यावर टाकलेले ते मूल राजपुत्राने वाढविले, तक्षशिलेला ते सात वर्षे शिकले, अशी त्याची कथा पाली ग्रंथांत आहे. रोग्याला हात लावण्यापूर्वी आजही तेथे त्याचे नाव घेऊन गुरुवंदना करतात. मात्र त्या कथेत औषधे आहेत, शस्त्रक्रिया आहेत. अंग रगडण्याचा हा प्रकार नाही. तेव्हा हे जनकत्व इतिहासापेक्षा कृतज्ञतेचे म्हणावे. आमच्या मते खरे जनक वेगळेच आहेत. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा वकील ला लुबेर १६८७ साली सयामला गेला. त्याच्या तांड्यात येशूसंघीय धर्मगुरूही होते. आजारी माणसाच्या अंगावर जाणता माणूस चढून त्याला पायांनी तुडवतो, आणि सुलभ प्रसूतीसाठी गर्भारणी लहान मुलाकडून अंग तुडवून घेतात असेही सांगतात, हे त्याने लिहून ठेवले. (हा दुसरा प्रकार कोणी करू नये!) म्हणजे राजाने पाट्या कोरविण्यापूर्वीच शेतकऱ्यांच्या झोपड्यांतून ही विद्या नांदत होती.

प्रत्यक्ष पद्धत आपल्यापेक्षा थोडी निराळी आहे. तेल नाही; अंगावर सैल कपडे असतात, जमिनीवर गादी असते. आरंभ पायांपासून होतो. तळवा, अंगठा, कोपर, गुडघा, पाऊल यांनी दाब देत वर सरकायचे. जोर हाताचा नव्हे, देहाच्या भाराचा. मग सांधे ताणायचे, वळवायचे. तेथेही बाळंतीण विस्तवाजवळ निजते. 'यू फाय' म्हणजे आपली शेगडीच. हळद, गवती चहा यांची पुरचुंडी वाफवून तिने अंग शेकतात.

तेथेही या कामाला डाग लागला होता. व्हिएतनामच्या युद्धकाळात विश्रांतीला येणाऱ्या अमेरिकन सैनिकांमुळे मालिशच्या नावाखाली भलतेच धंदे वाढले. परंतु वाट फोमध्ये १९५५ पासून रीतसर पाठशाळा चालत होती, आणि डिसेंबर २०१९ मध्ये युनेस्कोने 'नुअत थाई'ची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली.

आमच्या आजीच्या विद्येची नोंद कोणी ठेवली? ती गेली १९८७ मध्ये. तिच्याकडून आमची आत्या शिकली, पण आत्याने आपल्या मुलींना मुद्दाम शिकविले नाही. "ती बाहेरची कपबशी मला पोरींच्या हातात द्यायची नव्हती," असे ती सांगते. तिला आम्ही काय म्हणणार? तिच्या दोन्ही मुली शिक्षिका झाल्या. आज श्रीरामपूर-संगमनेरात बाळंतिणीला तेल लावणारी बाई शोधावी लागते आणि ती महिन्याचा दर ठरवून, चपला काढून सरळ आतल्या खोलीत जाते. हे पाहून आत्याला बरे वाटते, आणि थोडे काही तरी आतून लागतेही.

आत्या आता ऐंशीच्या घरात आहे. गेल्या नाताळापासून आम्ही रविवारच्या मिस्सानंतर वही घेऊन तिच्याजवळ बसतो. शब्दांत सांगणे तिला जमत नाही. ती आमचाच हात ओढून घेते, मनगटाच्या वर चार बोटे मोजते आणि अंगठा रोवते. मग आम्ही वहीत हाताची आकृती काढून त्या जागेवर फुली करतो. आतापर्यंत अकरा पाने झाली आहेत. कंबर अजून व्हायची आहे.