लावे, पारधी आणि खेडा खरेदी

जातकातले प्राणी काढून त्यांच्या जागी आजची माणसं बसवली की गोष्ट आपोआप आजची होते, असं मानणाऱ्यांनी आधी जातकाची बांधणी पाहायला हवी. पाली संग्रहातल्या ५४७ जातकांत साधारणपणे दोन कथा असतात. आधी बुद्धाच्या काळातल्या माणसांची घटना, म्हणजे पच्चुप्पन्नवत्थु. मग तिच्या निमित्ताने बुद्धाने सांगितलेली मागच्या जन्मातली अतीतवत्थु. आणि शेवटी त्या जन्मी कोण कोण होतं ते सांगणारं समोधान. म्हणजे समकालीन माणूस जातकात पहिल्यापासूनच आहे. मुलांच्या पुस्तकांनी त्याला गाळलं आणि नुसते ससे-माकडं ठेवली. आधुनिक रूपांतरकार ज्याला नव्याने आणू पाहतो, तो हा गाळलेलाच माणूस.

तेहतिसावं सम्मोदमान जातक घ्या. निमित्त आहे शाक्यांच्या भाऊबंदकीचं, आणि भांडण कशावरून, तर डोक्यावरच्या चुंबळीवरून! त्यावर बुद्ध लाव्यांची गोष्ट सांगतात. पारध्याने जाळं टाकलं की प्रत्येक लावा एकेका फासात डोकं घालतो, सगळे मिळून जाळं उचलतात, काटेरी झुडपावर टाकतात आणि खालून निसटतात. रिकाम्या हाताने आलेल्या पारध्यावर बायको चिडते. तो म्हणतो, यांची एकी काही कायमची नाही. पुढे चुकून एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. ‘जाळं काय तू एकटाच उचलतोस?’ यावर हमरीतुमरी होते आणि पारध्याची टोपली भरते. पंचतंत्रातली कबुतरं जाळ्यासकट उडून सुटतात. शाळेत आपण तेवढंच शिकतो. एकी मोडते कशी, हे जातक सांगतं.

आता हीच कथा वऱ्हाडातल्या नांदगाव पेठेत मांडू. काही शेतकरी खेडा खरेदीला, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याला, नकार देतात, एकत्र मेटाडोर करून कापूस थेट जिनिंगवर नेतात. मग कुणाची गाठोडी आधी भरायची यावरून वाजतं. कथा तीच, पण वाचकाचा राग लगेच व्यापाऱ्यावर जातो. शिवाय माणूस आला की आडनाव आलं, आडनावामागून जात आणि पक्षही. लाव्यांना आडनाव नसतं, म्हणून भांडणाकडे सरळ पाहता येतं. माझं म्हणणं एवढंच, की मेटाडोरची हकीकत लाव्यांच्या जागी नको, त्यांच्या आधी हवी. ती आजची पच्चुप्पन्नवत्थु.

यावर आक्षेप येईल, की हा दुबळ्यालाच दोष देण्याचा प्रकार झाला. तसं नाही. पारधी इथे सुटत नाही. फूट पडेपर्यंत थांबणं हाच त्याचा धंदा, आणि तो ते बायकोला उघड सांगतो. माणसांच्या रूपांतरात त्याचा हमखास मिशीवाला खलनायक होतो आणि हा थंड हिशेब हरवतो. कसलेला कथाकार तो टिकवू शकेल, पण मग ती त्याची स्वतंत्र कथा झाली. तिला जातकाचा टेकू कशाला? दुसरा आक्षेप वजनदार आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी आत्म्याचा पुनर्जन्म नाकारला. वऱ्हाडातल्या विहारांत वर्षावासात हाच ग्रंथ वाचला जातो. तिथे मागच्या जन्माची गोष्ट कशी सांगणार? समोधान गाळून. या जातकाच्या समोधानात मूर्ख लावा म्हणजे बुद्धाचा विरोधक देवदत्त, असं आयतं उत्तर दिलेलं आहे. ते काढलं की तो लावा कोण, हे मेटाडोरवाल्यांना आपसातच ठरवावं लागेल.