एका दिवसाची गुजरातण

परवा लेकीच्या शाळेतून निरोप आला. 'विविधतेत एकता' दिवस आहे, प्रत्येकाला एक राज्य वाटून दिलंय, तिथला पोशाख घालून आणि तिथला एक पदार्थ घेऊन यायचं. आमच्या चौथीतल्या कन्येच्या वाट्याला गुजरात. म्हणजे चनिया-चोळी भाड्यानं आणि ढोकळा दुकानातून. काम फत्ते! गंमत म्हणजे तिच्याच बाकावर बसणारी मैत्रीण अस्सल गुजराती, आणि तिला आलाय महाराष्ट्र. ती नऊवारी नेसणार.

म्हटलं, "अगं, मग तू तिलाच विचार की गुजरातचं."

तर म्हणते, "बाबा, हा प्रोजेक्ट आहे. त्यात खरं-खरं काही नसतं."

घ्या! :)

शनिवारी आण्णांना सांगलीकडं गावी सोडायला निघालो, तर गाडीत हाच विषय. सातारा जवळ आला तसे आण्णा खुलले. त्यांचं शिक्षण इथलंच, रयतच्या बोर्डिंगातलं. नातीला म्हणाले, "आमच्याकडं असला दिवस-बिवस काही नव्हता. कणीक मळणारा एक, जाळ घालणारा एक, पाणी भरणारा एक. पाळ्या ठरलेल्या. कोण कुठल्या जातीचा ते बघत बसलं की भाकरी संपायची."

कर्मवीर भाऊराव पाटलांचा फोटो आपण सगळ्यांनी शाळेत पाहिलेला असतो, तेवढ्यावरच आपलं भागतं. माणूस कुंभोजात जन्मलेला, जैन शेतकरी घरातला. किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडलेला. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या दुधगावात १९१०च्या सुमारास त्यांनी सगळ्या जातींच्या पोरांसाठी एकत्र वसतिगृहाचा घाट घातला. १९१९ साली कराडजवळच्या काल्यात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याचं 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग' असं नामकरण झालं. ज्या काळात सावली पडली तरी विटाळ व्हायचा, त्या काळात सवर्ण, अस्पृश्य, हिंदू, मुसलमान, जैन अशी सगळी पोरं एकत्र राबत होती आणि एका पंगतीत जेवत होती. पैसा कमी पडला तेव्हा लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीनं, अंगावरचे दागिने मोडले. मंगळसूत्रसुद्धा.

ह्यात 'दुसऱ्यांची संस्कृती' असा तास कुठंच नाही बघा. फक्त दुसऱ्यावाचून जेवण होणार नाही, अशी व्यवस्था आहे.

पुढं जवळपास हेच अमेरिकेत एका मानसशास्त्रज्ञानं केलं. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात काळी, गोरी आणि मेक्सिकन वंशाची मुलं एका वर्गात आणली गेली, आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. इलियट अॅरनसन आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी 'जिगसॉ' नावाची युक्ती काढली. पाच-सहा मुलांचा गट करायचा, धड्याचे तेवढेच तुकडे करायचे, प्रत्येकाला एक तुकडा द्यायचा. आपला तुकडा आपण शिकायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्यावर. आता अडखळत बोलणाऱ्या पोराला हसलात तर नुकसान तुमचंच! आमच्या भाषेत सांगायचं तर डिपेंडन्सी. दुसऱ्याच्या मोड्यूलवाचून माझा कोड चालणारच नसेल, तर मी झक मारत त्याचं नीट ऐकतो.

हे सगळं मी शहाण्यासारखं सांगतोय खरं, पण गाडी चालवताना मला दुसरंच आठवत होतं.

मी गावच्या शाळेत तिसरीत होतो. गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या, शिवारात पाचटाच्या खोपी उभ्या राहायच्या. त्या वर्षी त्यातला एक पोरगा आमच्या वर्गात येऊन बसायला लागला. गुरुजी भले माणूस. एका शनिवारी त्यांनी अंगतपंगत ठेवली, सगळ्यांनी एकमेकांचं खायचं. आमच्या सगळ्यांच्या डब्यात शाळूची पांढरीशुभ्र भाकरी. त्यानं फडक्यात बाजरीची भाकरी आणि ठेचा आणलेला. मी मोठ्यानं ओरडलो, "काळी भाकरी!" सगळे हसले. त्यानं फडक्याची गाठ मारली आणि गप्प बसून राहिला. सोमवारी आला नाही. नंतरही नाही.

गुरुजींचं काय चुकलं होतं? काहीच नाही. पण माझा डबा भरलेला होता. त्याच्या भाकरीवाचून माझं काहीच अडत नव्हतं.

लेकीला हे सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

आठवेना. खूप ताण दिला. आम्ही त्याला 'कोयतेवाल्याचा' म्हणायचो एवढंच आठवलं.

रविवारी संध्याकाळी पुण्यात परत आल्यावर त्या मैत्रिणीच्या आईला फोन केला. म्हटलं, दुकानातला ढोकळा रद्द, तुम्ही हिला शिकवाल का? आणि तुमची लेक आमच्याकडं येऊन भाकरी शिकेल. त्या हसल्या, पण तयार झाल्या. ढोकळा काही फुगला नाही, वडीच झाली. मग दोघी आमच्या ओट्याशी आल्या. घरात पीठ नेमकं बाजरीचंच होतं. पहिली भाकरी थापताना मोडली, दुसरी तव्यावर गेली. ती बघून मैत्रीण ओरडली, "अरे, हा तर आमचा रोटला! नानी रोज करते."

माझ्या लेकीनं माझ्याकडं बघितलं. बोलली काही नाही.

असो. उद्या चनिया-चोळी घालायचीच आहे, भाडं भरलंय. पण डब्यात ती ढोकळ्याची वडीच जाणार आहे.