वेब्लीची कमान

जे हत्यार घडविणे कारखान्याने आठ दशकांपूर्वीच सोडून दिले, ज्याच्या घडविणाऱ्या हातांपैकी आज एकही हयात नाही, आणि ज्याचा सुटा भाग परदेशातून मागवावयाचे म्हटले तर जकातीच्या आधी कायदाच दारात आडवा येतो, असे हत्यार दुरुस्तीस पत्करणे हा काही शहाणपणाचा व्यवहार नव्हे, हे मला मान्य आहे. तथापि वडिलांच्या हाताखाली कानस धरावयास शिकून पुढे स्वतःच्या नावे दुरुस्तीचा परवाना काढल्यापासून माझ्या मेजावर जी पिस्तुले येत गेली, त्यांतली बहुतेक याच वर्गातली आहेत. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात परदेशी पिस्तुलांची खाजगी आयात बंद झाली, आणि सामान्य परवानेदाराला दोनच वाटा उरल्या : सरकारी कारखान्याचे ‘अशनी’ पिस्तूल घ्यावे, नाहीतर आजोबांचे कपाटात पडलेले पिस्तूल तेलपाणी करून चालू ठेवावे. आजोबांचे पिस्तूल म्हणजे आमच्या दक्षिण महाराष्ट्रात बहुधा वेब्ली अँड स्कॉट, .32 बोअर.

इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे 1897 मध्ये वेब्ली आणि स्कॉट या जुन्या पेढ्या एकत्र येऊन ही कंपनी झाली. तिचे नाव झाले ते लष्करी रिव्हॉल्व्हरांनी. स्वयंचलित पिस्तुलाकडे ती थोडी उशिरा वळली. विल्यम व्हायटिंग या तिच्या कारखान्यातल्या कल्पक माणसाने गेल्या शतकारंभी जी पिस्तुले आखली, त्यांतले .32 बोअरचे सर्वांत यशस्वी ठरले. 1911 च्या जानेवारीत लंडनच्या सिडनी स्ट्रीटवर सशस्त्र दरोडेखोरांनी पोलिसांना जे जेरीस आणले, त्यानंतर त्याच वर्षी लंडनच्या पोलीस दलाने हे पिस्तूल स्वीकारले. पुढे 1940 पर्यंत ते निघत राहिले. हिंदुस्थानात ते आले कलकत्त्याच्या मँटन, रॉडा यांसारख्या पेढ्यांमार्फत, आणि मुंबईत काळा घोड्याच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्ससारख्या, साहेबाला छत्रीपासून बंदुकीपर्यंत सर्व काही पुरविणाऱ्या दुकानांतून. संस्थानिकांनी घेतले, त्यांच्या सरदारांनी घेतले, त्यांचे पाहून इनामदारांनी आणि सावकारांनी घेतले. आज त्यांची नातवंडे ते रुमालात गुंडाळून माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, “मिस्त्री, एवढे जरा बघा. स्लाइड मागे ओढली की मागेच राहते.”

परवा असेच एक आले. उजव्या बाजूचा पेच काढून मुठीची पट्टी उचलली, तेव्हा दुखणे उघड झाले. इतर बहुतेक पिस्तुलांत स्लाइडला पुढे ढकलणारी वेटोळ्याची स्प्रिंग नळीभोवती किंवा नळीखाली असते. व्हायटिंगने मात्र जुन्या बंदूक-कारागिरांच्या संस्काराला जागून तिच्याऐवजी एक मोठी, चपटी, चिमट्याच्या आकाराची कमान मुठीच्या उजव्या पट्टीखाली बसविली आहे. तिची एक भुजा चौकटीत टेकते, दुसरी एका तरफेला रेटते, आणि त्या तरफेचे टोक वर स्लाइडच्या खाचेत अडकते. ही कमान वळणावर दुभंगली होती. भिंगाखाली धरली तेव्हा तुटलेल्या तोंडावर दोन रंग स्वच्छ दिसले : बाहेरच्या कडेला चंद्रकोरीएवढा काळपट, तेल आणि गंज मुरलेला भाग, आणि आत ताजे, करडे, दाणेदार पोलाद. म्हणजे चीर फार वर्षांपूर्वीच पडली होती, कदाचित या नातवाच्या जन्मापूर्वी. उरलेल्या अर्ध्या जाडीवर कमान आपला कारभार रेटीत राहिली, आणि अखेरचा तुकडा आता सुटला.

नवी कमान कोठून आणावयाची, हा प्रश्न येथे लगेच उभा राहतो असे बाहेरच्या माणसास वाटेल. माझ्या धंद्यात तो सर्वांत शेवटी येतो. त्याच्या आधी हे पिस्तूल नेमके कोणते, याची खातरजमा करावी लागते, कारण ‘वेब्ली .32’ या एकाच नावाखाली कंपनीने पस्तीस वर्षांत पुष्कळ फेरफार केले. आरंभीच्या नगांवर सुरक्षेची कळ घोड्यालाच लावलेली असे; पुढे ती चौकटीच्या डाव्या अंगावर आली. शिवाय त्या काळी बर्मिंगहॅममध्ये भाग यंत्रावर कापला जाई आणि कानशीने हाताने बसविला जाई. तेव्हा एकाचा भाग दुसऱ्यात विनातक्रार बसेलच, हे बनविणाऱ्यानेही कधी छातीवर हात ठेवून सांगितले नसते.

काळनिर्णयाला उपयोगी पडतात त्या तपासणीच्या मोहोरा. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह 1813 च्या कायद्याने स्थापन झाले, आणि तेथे जादा दारूचा मारा सोसल्याशिवाय कोणतीही नळी विकावयास निघत नसे. मुकुटाखाली बीव्ही, बीपी, एनपी अशा अक्षरजोड्या दिसल्या की नळी तेथली, आणि 1904 ते 1954 या अवधीतली. 1921 पासून त्या गृहाने एक खाजगी खूणही घालावयास सुरुवात केली : फुलीसारखी दोन शस्त्रे, आणि त्यांच्या कोनात वर्षाचे एक अक्षर. ती खूण सापडली तर पिस्तुलाचा जन्मदाखला हाती आला असे समजावे. दुर्दैव हे की आपल्याकडे जुने हत्यार ‘चकाचक करून द्या’ असे सांगण्याची रीत आहे, आणि कापडी चाकावर धरून तसे करून देणाऱ्यांची वाण नाही. त्या चाकाखाली प्रथम जातात त्या याच बारीक मोहोरा. नंबर पुसट झाला तर गोष्ट कायद्याच्या कक्षेत जाते, म्हणून निदान नंबराला तरी लोक जपतात. मोहोरांना कोणी वाली नसतो. गंजलेल्या पिस्तुलापाशी मी आठवडा काढीन, पण आरशासारख्या पिस्तुलापुढे हात टेकतो.

या पिस्तुलाच्या मोहोरा सुदैवाने शाबूत होत्या. गोंधळ निघाला तो कागदात. परवान्याच्या जुन्या पुस्तकात कोण्या कारकुनाने ‘पिस्तूल, बोअर .32, नंबर 765’ अशी नोंद केली होती, आणि नूतनीकरणाच्या प्रत्येक खेपेस ती इमानेइतबारे उतरविली गेली होती. या वेब्लीच्या स्लाइडवर लंडन आणि बर्मिंगहॅम या दोन्ही गावांच्या नावांबरोबर बोअरही दोन पद्धतींनी कोरलेला असतो : इंचात .32 आणि मिलिमीटरमध्ये 7.65. म्हणजे दप्तरात एकच माप दोनदा नोंदले गेले होते, आणि खरा नंबर चौकटीवर आपल्या जागी, कोणाच्याही वाचनात न येता, तीन पिढ्या बसून होता. मी मालकांना सांगितले, “आधी अर्ज करा, पडताळणी होऊन नोंद दुरुस्त होऊ द्या, तोवर मी या हत्याराला हात लावणार नाही.” त्यांना ते रुचले नाही. त्यात निवडणूक लागली, आचारसंहितेपायी हत्यार ठाण्यात जमा झाले, आणि चामड्याच्या म्यानातच मालखान्यात राहिले. चामड्याला कमावताना जे क्षार आणि आम्ल लागते ते ओल धरते. पावसाळाभर म्यानात राहिलेल्या पोलादावर म्यानाच्या शिवणीची नक्षी जशीच्या तशी उठते. तशी ती उठली.

मधल्या काळात मी माहितीच्या मागे लागलो. 1959 च्या शस्त्र अधिनियमात ‘शस्त्र’ या संज्ञेत शस्त्राच्या भागांचाही समावेश आहे, त्यामुळे इंग्लंडातल्या एखाद्या दुकानदाराकडे कमान पडून असली तरी ती पाकिटात घालून माझ्याकडे येऊ शकत नाही. तिचे माप मात्र येऊ शकते. लांबी, रुंदी, जाडी यांवर कोणत्याही सरहद्दीवर जप्ती येत नाही, आणि दुर्मीळ हत्याराच्या दुरुस्तकाचे सगळे भांडवल याच एका सवलतीत सामावलेले आहे. लोक मला भाग शोधणारा समजतात. वास्तविक मी आकडे शोधणारा माणूस आहे.

पण ते आकडे लिहून ठेवण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. डाउएल नावाच्या लेखकाने 1962 मध्ये ‘द वेब्ली स्टोरी’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि कंपनीच्या नमुन्यांची वंशावळ जाणावयास त्याला तोड नाही. त्याच वर्षी अमेरिकेत मॅथ्यूज या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने शेकडो पिस्तुलांच्या नळ्यांतील आटे मोजून त्यांची कोष्टके छापली. गुन्ह्याच्या तपासाला ती अमोल आहेत. परंतु कमानीची जाडी वळणाशी किती आणि टोकाशी किती, हे दोघांतही नाही. संग्राहकांच्या वाङ्मयाविषयी माझी ही जुनीच कुरबुर आहे : अमुक नमुन्याचे किती नग निघाले, तमुक दलाने किती घेतले, मुठीवरील अक्षरांची वेलबुट्टी कोणत्या साली पालटली, हे सारे हिरिरीने सांगतील, आणि पट्टीखाली जे पोलाद राबत असते त्याच्यावर एक ओळ खर्चणार नाहीत. हत्यार कपाटात ठेवणाऱ्याचे आणि ते चालविणाऱ्याचे कुतूहल वेगळे असते, एवढेच म्हणावयाचे.

सारखेपणावर विसंबणे तर त्याहून घातक. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने स्पेनच्या एइबार गावाकडून ‘रूबी’ पिस्तुले घेतली, तेव्हा मूळ कंत्राटदाराला मागणी पुरी करता येईना म्हणून भोवतालच्या कितीतरी छोट्या कारखान्यांनी तोच नमुना उतरविला. दिसावयास सगळी एका आईची लेकरे, पण एकाचे मॅगझिन दुसऱ्यात जाईना. शेवटी कोणते कोणाचे हे कळावे म्हणून प्रत्येक पिस्तुलावर आणि मॅगझिनवर कारखान्याची दोन अक्षरे ठोकावी लागली. आपल्याकडे वेब्लीचे नाव 2020 च्या सुमारास पुन्हा आले, उत्तर प्रदेशात संडीला येथे .32 चे रिव्हॉल्व्हर निघू लागले, तेव्हा माझे दोन-तीन गिऱ्हाईक मोठ्या आशेने ‘आता भाग मिळतील’ म्हणून आले होते. रिव्हॉल्व्हरचा आणि या पिस्तुलाचा संबंध फक्त पाटीपुरता आहे, हे त्यांना समजाविताना वाईट वाटले. या पिस्तुलाला लागणारी एकच वस्तू आजही नवी मिळते, ती म्हणजे काडतूस. ब्राउनिंगने आखलेले आणि 1899 मध्ये बेल्जममध्ये प्रथम विक्रीस निघालेले ते काडतूस आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तयार होते, आणि या इंग्रजी पिस्तुलात बिनबोभाट बसते.

वडिलांची एक सवय अशा वेळी कामाला येते. कोणतेही नवखे हत्यार उघडले की त्याचा एकेक भाग जमाखर्चाच्या वहीच्या कोऱ्या पानावर ठेवून त्याभोवती ते टोकदार पेन्सिल फिरवीत, आणि आत बारीक अक्षरात जाडी लिहीत. ड्रायझे, ओर्टगीस, बायार्ड, मॉझर, अशी कितीतरी नावे त्या वहीत आहेत. ओर्टगीसच्या पानावर तर लाल शाईत सूचना आहे की मुठीच्या लाकडी पट्ट्या पेचाने नव्हे, आतल्या खिट्टीने धरलेल्या असतात, मॅगझिनच्या पोकळीतून खिट्टी दाबावी, बाहेरून उचकटू नये. वेब्लीचे पानही होते; पण ते सुरक्षेची कळ घोड्यावर असलेल्या जुन्या नमुन्याचे, आणि त्यावर कमानीची बाह्यरेषा होती, जाडी नव्हती.

अखेर शेजारच्या जिल्ह्यातील एका वृद्ध निवृत्त फौजदारांपाशी याच काळातले पिस्तूल असल्याचे कळले. त्यांनी ते हातचे सोडण्यास साफ नकार दिला, जे रास्तच होते. “इथे बसा, माझ्यासमोर उघडा, मोजा, आणि माझ्यासमोर बंद करा,” असे म्हणून त्यांनी ओसरीवर पाट टाकून दिला आणि स्वतः काठी टेकून समोर बसले. मी पट्टी काढली, कमान पकडीने दाबून हलकेच सोडविली, आणि दर अर्ध्या बोटावर जाडी मोजीत गेलो. वळणाशी जाड, आणि दोन्ही भुजा टोकांकडे हळूहळू उतरत गेलेल्या. पण सारख्या नव्हे. तरफेकडची भुजा अधिक वेगाने उतरली होती. वरवर पाहता ती झीज वाटावी, परंतु दोन्ही कडांना धार तशीच होती. तेव्हा ती कारागिराने मुद्दाम ठेवलेली उतरण होती, ताण एका जागी न साचता सगळ्या लांबीभर वाटला जावा म्हणून. फौजदारसाहेबांनी विचारले, “काय एवढे बघताय?” मी त्यांना भिंग दिले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, “आतूनसुद्धा पॉलिश केलेय की हो, जिथे कुणी बघणार नाही तिथे.” बर्मिंगहॅमच्या त्या कारागिराला हे पॉलिश हौसेखातर करावयाचे नव्हते; वळणावर आडवा ओरखडा राहिला तर चीर तेथूनच निघते, हे त्याला ठाऊक होते.

नोंद दुरुस्त होऊन हत्यार परत आल्यावर मी कमान घडविली. त्या कामाविषयी सांगण्यासारखे फारसे नाही : पोलाद योग्य मिळाले पाहिजे, कानशीचे दात लांबीच्या दिशेनेच फिरले पाहिजेत, पाणी देऊन झाल्यावर ते उतरविताना निळा रंग सर्वत्र एकसारखा चढला पाहिजे, आणि रात्रभर दाबून ठेवल्यावर सकाळी भुजांतील अंतर तसूभरही कमी भरता कामा नये. पहिली कमान अंमळ मवाळ भरली, ती बाजूला ठेवली. दुसरीने स्लाइड पुढे नेली तेव्हा आवाजावरूनच कळले.

मुठीच्या पट्ट्यांचे प्रकरण तेवढे राहिले. त्या काळ्या, रबरी व्हल्कनाइटच्या असतात, उन्हापावसाने तपकिरी पडतात आणि पेचाच्या भोकाशी तडकतात. ही उजवी पट्टी तशीच तडकली होती. मी साधी शिसवी पट्टी करून दिली. मालकांनी ती हातात फिरवून पाहिली आणि कंपनीची ती एकमेकांत गुंफलेली अक्षरे तिच्यावर कोरून देण्याची गळ घातली. माझ्या हातची पट्टी बर्मिंगहॅमच्या नावावर खपविणे मला जमण्यासारखे नव्हते, तसे मी सांगितले. ते काहीसे खट्टू झाले. मग जुनी पट्टी कागदात गुंडाळून द्या म्हणाले, आणि बिलात शिसवीचे वेगळे किती लावले आहेत ते विचारू लागले.