तुटलेली अनुवृत्ति

व्याकरणाचा थोडाबहुत अभ्यास ज्यांनीं केला असेल, त्यांस अनुवृत्ति म्हणजे काय हें सांगावयास नको. पाणिनि एकदां आलेला शब्द पुढील सूत्रांत पुन्हां घालीत नाहीं. तो मागून आपोआप चालत येतो असें धरावयाचें. गुणसंधीचें सूत्र एकटें वाचलें तर अपुरें वाटतें, कारण ‘स्वर पुढें असतां’ ही अट त्यांत नाहींच. ती दहा सूत्रें मागें आहे. अनुवृत्ति तुटली तर सूत्र तेंच राहतें, अर्थ मात्र जातो.

संगणकांतही अशी एक अनुवृत्ति असते. तिला सेशन म्हणतात. यंत्र बंद करतांना कोणत्या खिडक्या उघड्या होत्या, कोणती कोणत्या पटलावर होती, हें यंत्रानें टिपून ठेवावें व पुन्हां सुरू होतांच तसेंच मांडून द्यावें, इतकाच तिचा अर्थ.

आमच्या पणजोबांच्या मोडी वह्या आम्ही गेलीं दोन वर्षें बाळबोधींत उतरवीत आहों. पहिल्या पटलावर वहीचें छायाचित्र, दुसऱ्यावर उतारा, तिसऱ्यावर मोल्सवर्थचा १८५७ चा कोश, चौथ्यावर शंकांची यादी. मोडींत शब्द तोडून लिहीत नाहींत, ऱ्हस्वदीर्घ पाळीत नाहींत. त्यामुळें एखादी ओळ लागावयास दोन दोन दिवस जातात. उजव्या डोळ्यांत मोतीबिंदु उतरल्यापासून आम्हांस सकाळचा दीड तासच काय तो कामाचा. येथें वळसंगास वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं. बॅटरीवर यंत्र नीट बंद करण्यापुरता वेळ मिळतो. पण तेवढ्यांत सेशन जपलें जाई. सोलापूरच्या चादरीच्या मागाचेंही असेंच आहे. वीज गेली कीं माग थांबतो, पण ताणा जागचा हालत नाहीं, आणि जॅकार्डचीं भोकें पाडलेलीं कार्डें जेथें थांबलीं तेथूनच नक्षी पुढें चालते.

मार्गशीर्षांत एक अपडेट आलें, आणि दुसऱ्या सकाळीं चारही पटलें रिकामीं! हातानें उघडल्या तर साऱ्या खिडक्या पहिल्याच पटलावर एकीवर एक येऊन पडत. मांडामांड करण्यांतच अर्धा तास गेला, आणि विहिरीच्या वाट्याची जी ओळ आदल्या दिवशीं लागूं लागली होती, ती पुन्हां मुकी झाली.

पुण्यास असणाऱ्या पुतण्यानें कारण सांगितलें. खिडक्या मांडण्याची जुनी व्यवस्था, एक्स नांवाची, अमेरिकेंत एमआयटी येथें १९८४ सालीं निघाली. तिची अकरावी आवृत्ति १९८७ ची. तींत प्रत्येक प्रोग्रामास पडद्यावरील आपली जागा ठाऊक असे व तो ती मागून घेई. पण त्याच मोकळीकीमुळें एका प्रोग्रामास दुसऱ्यांत टंकलेलीं अक्षरें, बँकेचा परवलीचा शब्दसुद्धां, चोरून पाहतां येत. म्हणून २००८ पासून वेलँड नांवाची नवी व्यवस्था घडूं लागली. तींत खिडकीस आपली जागा कळतच नाहीं. सर्व मांडणी एका कारभाऱ्याच्या हातीं. मग कालचें स्मरणही त्यानेंच ठेवावयास हवें. आमच्या यंत्रावर जो कारभारी आला, त्यास तें अजून शिकविलेलें नाहीं.

कारण खोटें नाहीं, हें आम्ही मान्य करतों. भिंत ओली झाली तर ती पाडावी. परंतु नवी उभी राहण्यापूर्वींच देव्हारा अंगणांत काढून ठेवणें कोणत्या घरांत चालेल? अपडेटासोबतच्या टिपणांत या गोष्टीविषयीं एक अक्षर नव्हतें. चिन्हांच्या नव्या रंगांविषयीं मात्र दीड पान. धाकटे बंधु म्हणतात, फुकट मिळालेल्या वस्तूस नांवें ठेवूं नयेत. आम्हांस हें पटत नाहीं. अन्नछत्रांत जेवणारानें मीठ मागितलें, तर तो उपकार विसरला असें कोणी म्हणत नाहीं.

जुन्या आवृत्तीकडे परतावें, तर सुरक्षिततेच्या दुरुस्त्या थांबतात. म्हणून तो मार्ग सोडला. आतां रात्रीं निजण्यापूर्वीं कोणती वही, कोणतें पान, कोशाचा कोणता शब्द, हें आम्ही एका कागदावर मोडींतच लिहून ठेवतों. नातू शाळेस जाण्यापूर्वीं त्याबरहुकूम खिडक्या मांडून देतो. त्यापायीं त्यास निम्मी मोडी वाचतां येऊं लागली आहे. विहिरीच्या ओळींतील तो शब्द मात्र अद्याप लागलेला नाहीं.