आपाचे वेढे

आमच्या दुकानात मोटारी जळून यायच्या. विहिरीवरच्या पंपाच्या मोटारी. अब्बा रिवाइंडिंग करत. जुनी कॉइल काढायची, वेढे मोजायचे, तारेचा गेज पाहायचा, तितकेच वेढे पुन्हा भरायचे आणि वर वॉर्निश. मोजायचे काम थोरल्या आपाकडे. आम्ही दोघे भाऊ शंभराच्या पुढे चुकायचो, आपा कधी चुकली नाही. एकदा घाईत वेढे कमी भरले गेले. मोटार चालली, पण तापू लागली. वेढे कमी पडले की मोटार जास्त करंट ओढते, हे आपाने अब्बांना सांगितले तेव्हा ती नववीत होती. दहावीनंतर तिचा निकाह झाला. गणितात तिला आमच्यापेक्षा जास्त गुण होते, हे घरात कुणी काढत नाही.

आम्ही मात्र शिकलो, डिप्लोमा केला. आता दर १५ ऑक्टोबरला शाळांतून अब्दुल कलामांवर भाषणे देतो. रामेश्वरमच्या होडीवाल्याचा मुलगा, मद्रासची एमआयटी, १९७९ साली समुद्रात कोसळलेले एसएलव्ही-३ आणि पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० रोजी, कक्षेत गेलेला रोहिणी. मुले टाळ्या वाजवतात. एमआयटीच्या प्रवेशासाठी बहीण जोहराने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण टाकली, हे आम्ही एका वाक्यात उरकतो. आपल्या घरांत सोने लग्नासाठी मोडते, आखाताच्या व्हिसासाठी मोडते. फीसाठी क्वचितच. नामवंत महाविद्यालयांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुसलमान आणि पदव्युत्तर वर्गात पन्नासांत एक, असे सच्चर समितीने २००६ साली सांगितले. त्यावर आपण परिसंवाद मात्र पुष्कळ घेतले.

यंदा आपाची मुलगी सीईटी देऊन आली. तिला इलेक्ट्रिकल हवे. घरात बैठक बसली. कॉलेज लांब, हॉस्टेलात ठेवायचे, उद्या स्थळ कसे मिळणार, त्यापेक्षा बी.एड. बरे. आम्हीही माना डोलावल्या. भाषणे ठोकणारे आम्हीच!

आपा चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, "शाळेत जोहराची गोष्ट तुम्हीच सांगता ना रे?"

आम्ही गप्प. तिने बांगड्यांना हात लावला नाही. पदरातून एक कागद काढला. त्यावर हॉस्टेल आणि मेसचा वर्षाचा खर्च मांडला होता, खाली रेघ ओढून त्याचे दोन भाग केले होते.

"एकेक भाग तुमचा," ती म्हणाली. "नीट मोजून आणा. शंभराच्या पुढे चुकता तुम्ही."