दोन मैलांचा वेग

ट्रोलिंग हा मासेमारीतला आळशी लोकांचा प्रकार आहे, असं काठावरून गळ फेकणाऱ्यांचं ठाम मत असतं. होडीच्या मागे चार दोऱ्या सोडायच्या, इंजिन हळू चालू ठेवायचं आणि सँडविच खात बसायचं. (इंटरनेटवरच्या ट्रोलांबद्दल बोलत नाहीये मी, ते निराळे आळशी.) मी मूळचा रत्नागिरीचा. आमच्याकडे गरवणारा माणूस एकदा खाडीकाठच्या दगडावर बसला की भरती सरेपर्यंत हलत नाही. इथे उलट. गळ क्षणभरही थांबवायचा नसतो.

इथे म्हणजे मिशिगन सरोवराचं दक्षिण टोक, इंडियाना राज्याचा किनारा. सरोवर म्हणायचं खरं, पण उत्तर-दक्षिण लांबी सुमारे ४९० किलोमीटर. आमचा म्हातारा शेजारी पोलाद कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेला. त्याची अठरा फुटी अॅल्युमिनियमची होडी आहे आणि गेली काही वर्षं एप्रिल आला की पहाटे पाचला तो माझ्या दारात उभा असतो. मासा असतो कोहो सामन. हा मूळचा पॅसिफिक महासागराचा. वेलंड कालव्यातून वर आलेल्या अलवाइफ नावाच्या माशांनी सरोवर भरून गेलं होतं, त्यांना खायला कोणीतरी हवं म्हणून हॉवर्ड टॅनर या मत्स्यशास्त्रज्ञाने १९६६ साली ओरेगॉनहून आणलेल्या अंड्यांची पिल्लं मिशिगनच्या नद्यांत सोडली. पुढच्याच वर्षी किनाऱ्यावर मेलेल्या अलवाइफचे ढीग लागले होते. शेजारी तेव्हा शाळकरी पोरगा. तो वास अजून आठवतो म्हणतो.

तर एप्रिल. या दिवसांत सगळा खेळ तापमानाचा. पाणी ४ अंश सेल्सियसला सगळ्यात जड असतं, हे आपण शाळेत घोकलेलं आहे. त्याचा उपयोग मला चाळिशीनंतर कळला! वसंतात काठाजवळचं उथळ पाणी लवकर तापतं, सहा-सात अंशांवर जातं. आतलं सरोवर अजून दोन-तीन अंशांवर. ही दोन पाणी जिथे मिसळतात तिथे नेमकं ४ अंशांचं पाणी तयार होतं आणि जड म्हणून खाली बुडतं. बुडणाऱ्या पाण्याची जणू एक भिंतच उभी राहते. तिला थर्मल बार म्हणतात. कोमट पाणी भिंतीच्या अलीकडे, काठाला चिकटून अडकतं. छोटे मासे तिथे, म्हणून त्यांना खाणारे कोहोही तिथे. एवढं अफाट सरोवर आणि आम्ही दहा-पंधरा फूट खोल पाण्यात, काठावरच्या घरांतल्या खिडक्या मोजत फिरतो, याचं कारण हे. पुढे मे-जूनमध्ये ती भिंत आत सरकत जाते आणि मासेही.

इतक्या उथळ, स्वच्छ पाण्यात होडीच्या सावलीने मासा बुजतो. म्हणून प्लेनर बोर्ड. ही एक छोटी फळी असते, दोरीला तिरकी अडकवलेली. पतंग वाऱ्यावर चढतो तशी ही पाण्याच्या रेट्याने होडीपासून बाजूला पळते आणि आमिषाला पन्नास-साठ फूट लांब घेऊन जाते. आमिष बोटाएवढं, नारिंगी किंवा लाल.

आणि वेग. ताशी दोन मैल, म्हणजे जेवणानंतरच्या शतपावलीचा. गार पाण्यात मासा सुस्त असतो, तेव्हा त्याहूनही कमी. पण आजचा नेमका वेग कोणता, हे माशालाच विचारावं लागतं. शेजाऱ्याने शिकवलेली ही माझी सगळ्यात आवडती युक्ती. होडी सरळ न्यायचीच नाही, नागमोडी न्यायची. वळताना बाहेरच्या बाजूचं आमिष जोरात पळतं, आतल्या बाजूचं मंदावतं. बाहेरच्या दोरीला मासा लागला तर वेग थोडा वाढवा, आतल्याला लागला तर कमी करा. दोन-तीन मासे एकाच बाजूला लागले की उत्तर मिळालं. हे उत्तर उद्या चालत नाही. रात्री दक्षिणेचा वारा सुटला की वरचं कोमट पाणी आत लोटलं जातं, खालून बर्फासारखं पाणी वर येतं, आणि काल जिथे आठ मासे मिळाले तिथे आज शुकशुकाट.

गेल्या हिवाळ्यात शेजाऱ्याला अर्धांगाचा हलका झटका आला. उजव्या हाताची पकड गेली. यंदा एप्रिलमध्ये आम्ही गेलो तेव्हा पहिल्यांदाच सुकाणू माझ्याकडे होतं आणि तो पुढे, दोऱ्यांकडे बघत बसलेला. दोन मासे पटापट लागले, दोन्ही आतल्या बाजूला. तो खुशीत होता. मग उत्तरेकडून गार झुळूक आली. उत्तरेचा वारा म्हणजे सरोवराची अख्खी लांबी त्याला लाटा वाढवायला मोकळी. लाटा अजून फूटभरच होत्या, आजूबाजूच्या होड्या तिथेच होत्या. तो म्हणाला, "अजून एक फेरी."

गार पाण्याचा एक हिशेब इथे सगळे सांगतात: एक-दहा-एक. पाण्यात पडलात तर श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण एक तास. लाइफ जॅकेट अंगात असेल तर. ज्याचा एक हात आधीच चालत नाही त्याची दहा मिनिटं किती, हा हिशेब मी मनातल्या मनात करत होतो आणि त्याला सांगू शकत नव्हतो. मी म्हटलं, दोऱ्या गुंडाळू या. त्याने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं त्या होडीत "परत" हा शब्द फक्त त्याने उच्चारला होता. मग काही न बोलता तो डाव्या हाताने रीळ फिरवायला लागला. बंदरात शिरेपर्यंत बोलला नाही.

वारा खरंच वाढला की नाही, हे मी मुद्दाम सांगत नाही. त्याने निर्णयात काही फरक पडत नव्हता.

मासे वाटून घेतले. त्याचा बटरमध्ये, आमच्याकडे त्वचा आणि पोटाकडची चरबी काढून (या सरोवराच्या माशांत ती काढावीच, जुन्या कारखान्यांची रसायनं चरबीतच साठतात) तिरफळं घालून, बांगड्याचं तिखलं करतात तसं. सामनच्या तेलकटपणाला तिरफळ फार शोभतं, करून बघा.

संध्याकाळी तो वही घेऊन आला. प्रत्येक फेरीची नोंद: तारीख, वारा, पाण्याचं तापमान, खोली, मासे. लिहायला हात चालत नाही म्हणून माझ्यापुढे सरकवली. मी लिहिलं: पाणी ४४ फॅरनहाइट, वारा उत्तर, खोली १२ फूट, मासे २, साडेनऊला परत.

त्याने वाचलं आणि एकच दुरुस्ती सांगितली. नऊ चाळीस.