अस्वलाची दाढ

धिप्पाड बापाचा मुलगा किरकोळ निघाला की लोक हळहळतात, पिढी उतरली म्हणतात. तपकिरी अस्वलाविषयीही अशीच हळहळ कानी येते. हिमयुगातली युरोपातली अस्वलं आजच्याहून चांगलीच दांडगी होती. सुमारे ११,७०० वर्षांपूर्वी उबदार काळ सुरू झाला आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचा बांधा लहान होत गेला. ही हळहळ मला फुकाची वाटते.

बांधा कळतो दाढांवरून. वजनाचा भरवसा नाही. शरदात चरबीनं तट्ट फुगलेलं जनावर हिवाळी झोपेतून उठतं तेव्हा चौथाई वजन घालवून बसलेलं असतं, पिलांची आई त्याहूनही जास्त. दाढ मात्र एकदा उगवली की वाढत नाही, आणि हाडांची माती झाली तरी गुहेत टिकून राहते. ब्यॉर्न कुर्टेन या फिनलंडच्या जीवाश्मतज्ज्ञानं अशा दाढा वर्षानुवर्षं मोजल्या. (हा गृहस्थ हिमयुगावर कादंबऱ्याही लिहायचा. असे शास्त्रज्ञ मला फार आवडतात.)

थंड मुलुखात मोठं शरीर ऊब धरून ठेवतं, हा कार्ल बर्गमन यांचा १८४७चा नियम. पण नुसत्या थंडीनं हिशेब लागत नाही. अलास्काच्या कोडियाक बेटावर समुद्रामुळे हवा त्या मानानं सौम्य, तरी तिथले काही नर सहाशे किलोंच्या पुढे जातात, कारण ओढ्याओढ्यांतून सॅल्मन मासे वर चढतात. शेजारी कोण आहे, हेही पाहावं लागतं. हिमयुगातल्या अलास्कात आखूड तोंडाचं अवाढव्य अस्वल वावरत असे. त्या काळात तिथलं तपकिरी अस्वल बहुतेक झाडपाल्यावर भागवायचं, हे हाडांतल्या नायट्रोजनवरून ओळखता आलं आहे. मांस दुसऱ्याच्या वाट्याला गेलेलं!

आणि मंगोलियातल्या गोबी वाळवंटात हिवाळा हाडं गोठवणारा, तरी तिथलं अस्वल लहानखुरंच. त्याला मझालाई म्हणतात. रानटी रेवंदचिनीची मुळं, रानकांदे, झुडपांची फळं, हाच त्याचा मुख्य शिधा. अशी अस्वलं आता जेमतेम काही डझन उरली आहेत. कोडियाकचा सहाशे किलोंचा पहिलवान त्या शिध्यावर एक वर्षही काढू शकणार नाही. पिढी उतरली म्हणायचंच असेल, तर आधी त्या वाळवंटात त्याला जगवून दाखवा.